काचेतलं कुटुंब

फोटोग्राफरने टायमरचं बटण दाबलं, लगबगीने येऊन खुर्चीमागची जागा धरली आणि पोट आत घेतलं. खुर्चीवर समोरच्या दुकानातली शिलाईवाली बसली होती. तिच्या गुडघ्याला टेकून तिची मुलगी उभी होती. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता.

“काका, जवळ या ना. अर्धेच याल फोटोत,” मुलगी म्हणाली.

तो बोटभर सरकला. जन्मभर लोकांना ‘जवळ सरका, जवळ सरका’ सांगून घसा कोरडा केलेला माणूस. पण स्वतःवर पाळी आली तेव्हा पाय उचलेना.

खरं तर बापाच्या जागी शेजारचा चावीवाला उभा राहणार होता. कल्पना त्याच्या थोरल्या बहिणीची. “काचेत नुसते पासपोर्ट फोटो लावलेस. दुकान आहे की पोलीस चौकी?” असं तिने फोनवर झापलं होतं. “हसतंखेळतं कुटुंब लाव एखादं. गिऱ्हाईक आपसूक येईल.” गिऱ्हाईक आलं नाही तर गाळा सोडावा लागणार, हे मालकाने आधीच सांगून ठेवलं होतं. जाहिरातीला पैसे नव्हते आणि कुटुंब तर त्याच्याकडे औषधालाही नव्हतं. म्हणून त्याने घटस्फोट घेऊन वेगळी राहणाऱ्या शिलाईवालीला विचारलं. बदल्यात मुलीचे शाळेचे फोटो फुकट. चावीवाला ऐनवेळी कुणाचं तरी कुलूप उघडायला गेला, आणि नटूनथटून आलेल्या मायलेकींना परत कसं पाठवायचं, म्हणून हाच उभा राहिला.

“दादा, हसा की जरा,” शिलाईवाली मान न वळवता म्हणाली.

शेवटच्या क्षणी मुलीने मागे हात नेऊन त्याचं बोट धरलं. तेवढ्यात फोटो निघाला.

बहिणीचं म्हणणं खरं ठरलं. लोक काचेपाशी थबकायला लागले, मग आत यायला लागले. एका आजोबांनी विचारलं, “घरचीच मंडळी वाटतं?” त्याच्या तोंडून ‘हो’ निघून गेलं. धंद्यात एवढं चालतंच, असं त्याने मनाला सांगितलं. पण पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने न विचारताच सांगितलं, की मुलगी भारी बडबडी आहे. त्यापुढच्याला सांगितलं, की आईवर गेलीये. थाप मारायला भांडवल लागत नाही. सकाळी दुकान उघडलं की तो आधी काच पुसायचा आणि फोटोसमोर फडकं जरा जास्तच रेंगाळायचं. त्याला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं.

एका दुपारी शिलाईवाली गळ्यात टेप तशीच ठेवून आत आली.

“दादा, रागावू नका हं. तो फोटो काढाल का काचेतून?”

“का? काय झालं?”

“माझं जमलंय.” ती टेपचं टोक बोटाला गुंडाळत होती. “माणूस चांगला आहे. पोरीलाही आवडतो. पण त्यांच्या बहिणीने जाता-येता हा फोटो पाहिला. विचारते कशी, आधीचा नवरा अजून समोरच राहतो का?”

सांगताना तीच हसली. तोही हसला, जरा उशिराने.

“हवं तर आम्हाला कापा आणि तुमचा एकट्याचा ठेवा,” ती म्हणाली. “छान आलाय तुमचा.”

“एकट्याचा बघायला कोण येणार?” तो बोलून गेला. मग तिचा चेहरा पाहून घाईने म्हणाला, “धंद्याच्या दृष्टीने म्हणतोय.”

तिच्यासमोरच त्याने फोटो उतरवला. तिथे दरपत्रक चिकटवलं. तेही तिरकं बसलं.

पुढच्या आठवड्यात एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आलं. बाई दारातच थांबली.

“इथे तुमचा तिघांचा फोटो होता ना? तो बघूनच तर आलो आम्ही. अगदी तसाच हवाय. काढलात का?”

“माहेरी गेलीये,” तो म्हणाला.

विचारलं होतं फोटोचं. बाईच्या ते लक्षात आलं नाही, किंवा तिने तसं दाखवलं नाही.

“मग येतील की लवकरच.”

“हो, येतील ना. मुलीची सुट्टी संपली की.”

तो कॅमेऱ्यामागे गेला. बाई बाळाला घेऊन खुर्चीवर बसली. नवरा मागे उभा राहिला, जरा अंतर ठेवून, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

“जवळ सरका,” फोटोग्राफर म्हणाला.

नवरा थोडा सरकला.

“अजून. अहो, तुमचीच माणसं आहेत.”

नवऱ्याचा हात बाईच्या खांद्यावर टेकला. बाळाने चाचपडत त्याचं बोट धरलं. फोटोग्राफरने डोळा कॅमेऱ्याला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“झालं का हो?” बाईने विचारलं.

“थांबा,” तो म्हणाला. “हलू नका कुणी.”