चंबूच्या पोटातला ओरखडा

मित्रांनो, मी एक जुना काचेचा चंबू आहे. जपानमधल्या सेंदाई शहरातल्या विद्यापीठात काचकाम करणाऱ्या हिगाशिदा-सान यांनी मला ज्योतीवर फिरवत, फुंकर घालून घडवले.

प्रयोगशाळेत मी होनामी कुसुदा या विद्यार्थिनीच्या वाट्याला आलो. समुद्रातल्या एका स्पंजात सापडणारे द्रव्य तिला साध्या रसायनांपासून बनवायचे होते. त्याच्या रेणूची ठेवण नेमकी कशी, यावर जाणकारांत वाद होता. वाट एकोणीस पायऱ्यांची होती आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी वाया जाई. सुरुवातीच्या बादलीभर रसायनांतून चार वर्षांनी माझ्या तळाशी थेंबभरच द्रव्य उरले, मधासारखे चिकट.

क्ष-किरणांनी रेणू पाहायचा तर स्फटिक हवेत, आणि ते काही बनेनात. होनामीने मला बर्फात ठेवले, द्रावक बदलून पाहिले. आठवडा गेला. तिचे डोळे खोल गेले.

एका सकाळी तिचे प्राध्यापक इवाशिगे डोकावले. ती त्यांना 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी म्हणे.

"काय म्हणतोय तुझा पाक?"

"पाकच राहीन म्हणतोय, सेन्सेई."

"तो स्पंज बघ, समुद्राच्या तळाशी बसल्या बसल्या हे बनवतो. ना पदवी, ना प्रयोगशाळा!"

"मग त्यालाच विचारून या ना! मी दमले."

सेन्सेई हसले. मग हळूच म्हणाले, "काचेची कांडी घे. चंबू आतून घास. खरखरीत जागी स्फटिकांना धरायला आधार मिळतो."

"चंबू खराब होईल."

"होऊ दे."

"माफ कर हं," होनामी मला म्हणाली आणि तिने कांडी घासली. कर्रकन ओरखडा उठला. क्षणभर काहीच झाले नाही. मग त्या ओरखड्यावर पांढरा ठिपका उमटला. ठिपक्यातून सुई निघाली, सुईतून दुसरी. कुणीही न सांगता अगणित रेणू एकाशेजारी एक ओळीने उभे राहत होते! माझ्याच पोटात ते घडत होते, तरी मला खरे वाटेना.

सेन्सेईंनी चष्मा काढला. "बोलू नकोस," ते पुटपुटले, "नुसतं बघ."

होनामी रडत रडत हसत होती. पुढे क्ष-किरणांनी दाखवले, तिने कागदावर रेखाटलेली ठेवणच खरी होती.

ओरखडा पडलेली काच आतली हवा काढून घेतली की फुटू शकते, म्हणून मला वरच्या फळीवर ठेवले. होनामी दुसऱ्या गावी गेली. आता नवी मुले मला पाहून म्हणतात, "हा कशाला ठेवलाय? टाका की!"

मित्रांनो, टाकण्याआधी मला एकदा धुवा, पुसा आणि उजेडात धरा. जे द्रव्य तोवर फक्त समुद्रालाच बनवता येत होते, ते माणसाच्या हातून पहिल्यांदा याच ओरखड्यावर फुलले.