सत्तावीस नंबरवाला

“बाबा, नाइंटी सेकंड्स! पिक समवन!” मिहिका ओरडली.

मला त्या मोबाइलचाच राग आला होता. दुबईत करामा भागातल्या हारुनच्या हॉलमध्ये आठ टीमवाले बसलेले. अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींची ही लीग. पाळीपाळीने ड्रायव्हर निवडायचे, खऱ्या शर्यतीतले त्यांचे गुण आपल्या टीमला. सहा वर्षं हे खूळ माझ्या बायकोचं, संपदाचं. मी जबल अलीत फोर्कलिफ्ट दुरुस्त करतो. तिला म्हणायचो, गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांत बघायचंय काय?

दिवाळीनंतर ती गेली. वेळेत निवड झाली नाही तर टीमची जागा जाते, असा यांचा नियम. तिची जागा घ्यायला हारुनचा मेहुणा सोफ्यावर टपून बसला होता.

“भाऊ, अकरा नंबरवाला घ्या,” दुसऱ्या टीमचा दर्शन म्हणाला. “वहिनींनी तोच घेतला असता. जिंकत नाही, पण गाडी धड परत आणतो.”

“हां हबीबी, भाभी का फंडा वही था,” हारुन म्हणाला.

आल्यापासून हेच. वहिनींनी हे केलं असतं, भाभीने ते. जो तो मला माझी बायको समजावत होता. आणि तिनेही काही लिहून ठेवलं नव्हतं. सगळं डोक्यात. तेवढं तरी सांगून जायचं!

“सत्तावीस नंबर,” मी म्हणालो आणि बटण दाबलं.

सत्तावीस नंबरवाला दर तिसऱ्या शर्यतीत गाडी भिंतीवर आदळतो. तो दिसला की संपदा टीव्हीचा आवाज बंद करायची.

एरवी अशा निवडीवर ही मंडळी पोट धरून हसली असती. दर्शन चहा ढवळत राहिला.

“अच्छा है, भाईसाब,” हारुन हळूच म्हणाला.

“अच्छा काय डोंबलाचं? हसा की!”

कोणी हसलं नाही.

“स्टुपिड पिक, बाबा,” मिहिका म्हणाली. तिचा आवाज फाटला. “टोटली स्टुपिड! ममा वुड किल यू.”

“हो,” मी म्हणालो. मला जरा बरं वाटलं.

क्रमात आमची टीम शेवटची आणि पुढची फेरी उलट्या क्रमाने, म्हणून तिची पहिली निवडही लगेच आमचीच. घड्याळ पुन्हा नव्वदवरून उतरू लागलं. मी मोबाइल मिहिकाच्या हातात दिला.

“आता तू घे.”

तिने बाहीने नाक पुसलं आणि ड्रायव्हरांची यादी खालून वर वाचायला घेतली. संपदा तशीच वाचायची. मेहुणा पुढे सरकला. चाळीस सेकंद उरले होते. तिने घाई केली नाही.