गंगेत पडलेली हळद

त्या सकाळी मी तोंड वाजवलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण गप्प बसेन तर मी बुलूदी कसली!

लग्न माझ्या धाकट्या भावाचं, तोतनचं. आम्ही कालनाचे, नवरी झुमुर पलीकडच्या शांतिपूरची, मध्ये गंगा. तोतनला हळद लावून झाली, आता त्याच्या अंगाची उरलेली हळद नवरीकडे पोचवायची होती. ती लागल्याशिवाय नवरीला दुसरी हळद लागत नाही. एकाच्या अंगाची हळद दुसऱ्याला लागली की जोडी जुळली, असं आपलं मानतात. नथ घातलेला, कुंकू लावलेला रोहू मासा, साड्या, संदेश मिठाईच्या हंड्या घेऊन चार बायका आधीच्या लाँचने गेल्यासुद्धा. मी मागे राहिले, कारण माझं आणि माचं, आमच्या आईचं, भांडण चाललं होतं.

"केतकी येणार माझ्याबरोबर," मी म्हटलं.

मा हळदीची काशाची वाटी हातात धरून उभी. "शुभकार्यात तिला कशाला नेतेस?"

"का? माणूस नाही ती?"

केतकी माझ्या मधल्या भावाची, रंजनची बायको. लग्नानंतर आठवड्याच्या आत तिचा शंखाचा चुडा हातपंपावर आपटून तडकला, आणि सातव्या महिन्यात रंजन तापाने गेला. तेव्हापासून अकरा वर्षं मा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "चुडा तडकला तेव्हाच मला कळलं होतं." केतकी तिथेच चहा गाळत असते. मान वर करत नाही. तिलाही ते पटलेलं आहे, हे मला जास्त लागतं.

शेवटी बाबा आतून ओरडले, "जाऊ दे ना तिला, दहा वाजले!" तेव्हा मा कशीबशी कबूल झाली. वाटी माझ्या हातात देताना मात्र हळू आवाजात म्हणाली, "तिचा हात लागू देऊ नकोस. काही कमी-जास्त झालं तर ते त्या नव्या पोरीच्या नशिबी जाईल. आणि हिलाही मी मग या घरात ठेवणार नाही, सांगून ठेवते."

वाटी माच्या स्वतःच्या लग्नातली. मी ती पदरात धरून लाँचच्या कडेला उभी राहिले. बसायला जागा होती, पण मी केतकीला ऐकवत होते, "बघितलंस? कसं आणलं तुला!" माझी फुशारकी चालू होती आणि लाँच पलीकडच्या धक्क्याला जोरात लागली. मी कठडा धरायला हात काढला. वाटी लाकडावर एकदा वाजली आणि पाण्यात गेली. पाणी क्षणभर पिवळं झालं, एवढंच.

लोक उतरत होते, कुणी मला ढकलून पुढे गेलं, मला कळलंच नाही.

"केतकी," मी म्हटलं, "हे तुझ्यावर येणार."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. चेहरा कोरा कागद. "आधी उतरा, दीदी."

झुमुर पहाटे दही-पोहे खाल्ल्यापासून उपाशी बसली असणार. मोबाइल वाजला. मा. मी उचलला नाही. घाटावरच्या भाजीवाल्याकडून ओली हळद घेतली, चहाच्या टपरीवालीचा पाटा मागितला, शेजारच्या दुकानातून मोहरीचं तेल आणि एक स्टीलची वाटी आणली. मी वरवंटा दणादण आपटत होते. टपरीवाली म्हणाली, "अगं बाई, हळद वाटतेस की कुणाचा जीव घेतेस?" एरवी मी तिला चांगलं सुनावलं असतं.

वाटून झालं आणि मला रडूच फुटलं. "ही बाजारची हळद गं! तोतनच्या अंगाला लागलीच नाही. त्या पोरीला मी फसवतेय. उद्या खरंच काही झालं तर?" हो, मीच म्हणाले. दुसऱ्याच्या वेळी मी किती हसते अशा गोष्टींना!

केतकीने माझा हात बघितला. "दीदी, सकाळी तोतनला पहिली हळद कुणी लावली?"

"मीच की."

"मग नखांत बघा."

नखांच्या कडांना, अंगठीच्या खाली, बोटांच्या पेरांत, सगळीकडे तोतनच्या अंगाची हळद सुकून बसली होती. केतकीने टपरीवरचा पेला घेतला. तिने वाटीला हात लावला नाही, मला वाटी नीट खाली धरायला सांगितली आणि माझ्या बोटांवर थेंब थेंब पाणी सोडत राहिली. मी बोटं चोळत होते. शेवटची पिवळी रेघ निघेपर्यंत तिने घाई केली नाही.

शांतिपूरला पोचलो तेव्हा अंगणात सगळ्या खोळंबल्या होत्या. बायकांनी तोंडाने उलूध्वनी केला, शंख वाजले. मी झुमुरच्या गालाला हळद लावली. तिने हळूच विचारलं, "दीदी, ही त्याला लागलेलीच ना?" ओठ सुकलेले, डोळ्यांत पाणी. तिलाही भीती वाटत होती, आमच्या घराची. आमच्या घरात काय काय बोललं जातं, ते नदीपलीकडेही पोचलं असणार.

"त्याचीच गं," मी म्हटलं. खोटं नव्हतं, पण तिच्या डोळ्यांत बघून म्हणता आलं नाही. केतकी दाराबाहेर चपलांपाशी उभी होती.

परतताना लाँचवर मी बसूनच राहिले. वाटीचं काय सांगायचं? चोरीला गेली? विसरले? एकही थाप धड जुळेना.

घरी पोचलो तर मा दारातच. "वाटी?"

मी काही बोलायच्या आत तिची नजर माझ्यावरून केतकीवर गेली आणि तिथेच राहिली. "हात लावलास ना? लावलास ना तू?"

केतकी माझ्याकडे बघत होती. खरं सांगते, एक क्षण मला गप्प बसावंसं वाटलं. फक्त गप्प बसायचं, बाकी सगळं मा स्वतःच जुळवणार होती. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

"माझ्या हातून पडली, मा. गंगेत. हळदीसकट."

मा पायरीवर बसली. मी वाट बघत होते, आता कपाळ बडवेल, लग्न मोडायची भाषा करेल. तिने पदराने तोंड पुसलं.

"गंगेत ना? मग काय बिघडलं! गंगामाईने आपणहून मागून घेतली. मोठ्या बहिणीच्या हातून गेली, शुभच झालं. एवढं घाबरायचं काय त्यात? जा, साडी बदल."

माझा जीव भांड्यात पडला. मी हसलेसुद्धा. मग मागे वळले.

"मा," केतकीने विचारलं, "आणि माझ्या हातून पडली असती तर?"

"तुझ्या हातात मी दिलीच कशी असती?" मा म्हणाली. चिडून नाही, टोचून नाही. भाजीत मीठ किती, असं विचारल्यावर सांगावं तसं.

केतकी वळली. आत गेली. त्या दुपारी तिच्या खोलीचं दार बंद होतं. मी दोनदा जाऊन उभी राहिले, पण कडी वाजवायचा धीर झाला नाही. अकरा वर्षं तिला वाटत होतं की शकुनाला काही नियम असतो. आता तो कसा ठरतो ते तिने कानांनी ऐकलं होतं.

चार वाजता दारात टोटो, बॅटरीवरच्या रिक्षा, लागल्या. नवऱ्या मुलाची आई लग्न बघायला जात नाही. मा शंख घेऊन उंबऱ्यात उभी होती. तोतन डोक्यावरचा टोपर, नवरदेवाचा उंच मुकुट, सांभाळत पहिल्या टोटोत चढला, आणि त्याच्या शेजारी केतकी जाऊन बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा निळी रेशमी साडी नेसली होती.

"केतकी!" मा ओरडली. "उतर खाली!"

तोतनने माच्या तोंडाकडे बघितलं, केतकीकडे बघितलं, आणि तिला जागा व्हावी म्हणून जरा सरकला.

"शंख वाजवा, मा," केतकी म्हणाली. "लाँच सुटेल."