साहेबी पाव आणि जाहिदाभाभीचं गंज

आमच्या आलापल्लीच्या माणसाले तुम्ही पुरणपोळी खाऊ घाला, बकरा कापा, वरून ढेकर येईपर्यंत मठ्ठा पाजा, पानात भात नसला तर तो घरी जाऊन बायकोले सांगते, "उपाशीच आलो." आमी भात खाणारे लोक. बाकी साऱ्या गोष्टीत भांडण, याच्यात नाई.

आणि अशा गावात गफ्फारभाईनं पावाचं हाटेल काढलं. डोकं फिरलं होतं, दुसरं काय.

गफ्फारभाई म्हणजे डाकबंगल्यावरचा जुना खानसामा. गोरे साहेब गेले, त्याइच्या मागं त्याची नोकरीही गेली. मंग त्यानं लाकडाच्या डेपोसमोर टिनाचं छप्पर टाकलं, घासलेटच्या डब्यात पाव भाजला, मधातून कापून आत बकऱ्याच्या खिम्याची टिकिया अन् कांदा दाबला, अन् नाव ठेवलं साहेबी पाव. दिवाळीपर्यंत हाटेल नाई चाललं तर बल्लारशाले जावयाच्या दारात जाऊन बसा लागन, असं तो सगळ्याइले सांगे. जावई कसा, तर सासऱ्याले पाणीही मोजून देणारा.

तिकडं मोटारस्टँडवर लटारूनंही पाव सुरू केला, त्यात आलूबोंडा. आमचा दोस्त गुणवंतराव, डेपोतला मुन्शी, एकदा नागपूरले जाऊन आलेला. त्यानं फर्मान काढलं, दोन्ही हाटेलात खाऊन निकाल लावाले पाहिजे. गाडीवान मुखरू अन् मी त्याच्या मागं निघालो. गुणवंतराव पहिला घास घेऊन डोळे मिटे, अन् तो डोळे उघडेपर्यंत आमी घास हातात धरून थांबू. मंग म्हणे, नागपूरची बात नाई. टिकियेचं मात्र त्यानं लय कौतुक केलं, अन् गफ्फारभाईकडं खाल्लं हे आपल्या बायकोले सांगाचं नाई म्हणून आमाले बजावलं.

निकाल गफ्फारभाईचा लागला. निकाल लावून आमी तिघंही आपापल्या घरी जाऊन भात जेवलो. सारं गाव तेच करे. पाव खाल्ला का तोंड पुसत उठत अन् म्हणत, आता जेवाले जातो. हे ऐकून गफ्फारभाईच्या अंगाची आग होई.

लटारू मूळचा मूल गावचा, म्हणजे धानाच्या गिरण्याइच्या गावचा. त्याले बरोबर समजलं. त्यानं बोंडा-पावासंग भात वाढणं सुरू केलं, वरून वरण. लोकं पाव चुरून वरणात कालवाले लागले. तिथी बसाले जागा नाई, अन् इथी गफ्फारभाई पावावरच्या माशा हाकलून राह्यला.

दिवाळी तोंडावर आली. मले राहवेना. एका दुपारी आमी तिघं त्याले समजवाले गेलो. त्याचं घर हाटेलामागंच, मधात नुसता पडदा; तो त्या पडद्यामागून बाहेर आला. भात ठेवा, म्हणलं. तो भडकलाच. साहेबाच्या टेबलामागं हयात गेली, हाटेलाच्या चुलीवर भाताचं गंज-पातेलं चढणार नाई, जावयाची लाथ खाईन, असं बरंच बोलला. बोलता बोलता त्यानं हात झटकला, अन् त्याच्या बोटाइची शितं मुखरूच्या टोपीवर उडाली.

आमी पडद्यामागं पाह्यलं. त्याची बायको जाहिदाभाभी बसली होती. तिच्यासमोर गंजभर भात, अंबाडीची भाजी अन् गफ्फारभाईचं अर्धं जेवलेलं ताट. पावाचा तुकडाही नाई.

गफ्फारभाई परत त्या ताटासमोर जाऊन बसला. हळूच म्हणाला, "पाव साहेबानं खाल्ला. माझं पोट पावानं कधी भरलंच नाई."

मले हासू आलं नाई. लय वाईट वाटलं त्या माणसाचं.

दुसऱ्या दिवशी जाहिदाभाभीचं गंज हाटेलात आलं. टिकिया भातावर कुस्करून वाढाले लागले, अन् लोकं लटारूकडून उठून इकडं आले. दिवाळी गेली, गफ्फारभाई कुठी गेला नाई. पाव भाजाच्या डब्यात आता कोंबडी बसते.

गुणवंतराव फुकटचा पहिला घास घेऊन म्हणाला, "आता कुठी नागपूरची चव आली. याले म्हणतात साहेबी भात."

पडद्यामागून जाहिदाभाभी बोलली, "भाऊ, जन्मभर मी हाच भात रांधला. हा साहेबी कवा झाला, तेवढं सांगा."

गुणवंतरावानं डोळे मिटले, अन् ताट पुढं करून आणखी भात मांगतला.