पापेनफुसच्या अकरा चाली

कोच पापेनफुस पहिल्या दिवशी माझ्या खोलीत आला तो कपडे धुवायचं कुठलं मशीन चालतं ते विचारायला. ऑगस्टचा पहिला आठवडा होता, मक्याच्या शेतांवरून दमट वाफा येत होत्या, आणि दारात हा साठीचा माणूस उभा. काखेत घडीची खुर्ची, हातात चादरींचं गाठोडं.

"दोन नंबरचं," मी म्हटलं. "एक नंबरचं पाणी सोडतं, तीन नंबरचं नुसतं गुरगुरतं. तुम्ही कोण?"

"ग्लेन पापेनफुस. नवा कोच."

"अच्छा, ते तुम्ही! आम्हाला वाटलं, तुम्ही काही येत नाही."

"माझ्या बायकोलाही तसंच वाटलं होतं," तो म्हणाला. "म्हणून तर तिनं चादरी न धुताच दिल्या."

मी आर्लीन ट्वेट. टॅमरॅक बेंड कॉलेजच्या फुटबॉल संघाचं सामान सांभाळायला लागून मला बावीस वर्षं झाली. फुटबॉल म्हणजे आमचं अमेरिकन, लंबगोल चेंडू हातात धरून समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार न्यायचा ते. हेल्मेटं, खांद्यांची कवचं, जर्स्या, मोजे, सगळं माझ्या ताब्यात. मिनेसोटात एवढ्या छोट्या कॉलेजांची फुटबॉलमध्ये कुणी फारशी दखल घेत नाही, आणि आमची तर आम्हीसुद्धा घेत नव्हतो. त्याआधीच्या तीन वर्षांत तीस सामने झाले, त्यातले दोन जिंकलो. त्यातलाही एक समोरच्या संघाची बस बर्फात अडकली म्हणून. आधीचा कोच वैतागून विमा विकायला गेला. त्याच्या जागेसाठी तिघांनी अर्ज केले. एकाला दुसरीकडे काम मिळालं, एक मैदान बघून परत गेला, उरला पापेनफुस. नेब्रास्कातल्या कुठल्याशा गावच्या शाळेत तो तीस वर्षं भूगोल शिकवायचा आणि संध्याकाळी पोरांना फुटबॉल. त्या शाळेत अकरा पोरंच भरायची नाहीत, म्हणून ते आठ-आठ जणांचं फुटबॉल खेळायचे.

"आठ जणांचं!" कोल्टर हॅगननं ही बातमी ऐकून कपाळाला हात लावला. "मिस आर्लीन, उद्या हा आम्हाला लपंडाव शिकवेल."

कोल्टर आमचा क्वार्टरबॅक. चेंडू आधी याच्या हातात यायचा, आणि मग कोच सांगेल तसा तो लांब फेकायचा किंवा पळणाऱ्याच्या हातात द्यायचा, हे याचं काम. देखणा पोरगा, हात तर असा की पन्नास यार्डांवरच्या बादलीत चेंडू टाकील. हे त्याला स्वतःलाही फार चांगलं ठाऊक होतं.

पहिला सामना आम्ही ३८–६ असा हरलो. कोल्टर फेकायला हात मागे न्यायचा आणि तेवढ्यात दोन-तीन धिप्पाड गडी त्याच्यावर कोसळलेले असायचे.

रविवारी सकाळी मी मळक्या कपड्यांचे ढीग लावत होते, तर पापेनफुस कॉफीचे दोन पेले घेऊन आत आला. त्यानं आपली खुर्ची उघडली आणि बसला.

"तुम्ही कपडे असे वेगवेगळे का करता?"

"डागांप्रमाणे. पाठ हिरवी असली म्हणजे पोरगा उताणा पडलाय. गुडघे-कोपरं हिरवी म्हणजे समोरच्याला रेटत रेटत पडलाय. आणि हे बघा, हे कपडे कोरेच. म्हणजे गडी बड्या रुबाबात उभा होता."

तो खुर्ची ओढत पुढे आला. "ही पाठ कुणाची? अख्खी हिरवी झालीय."

"कोल्टरची. बिचाऱ्याला काल गवतात पेरलं."

"आणि हा चौसष्ट नंबर? पाठ स्वच्छ, गुडघ्यांचा मात्र चिखल झालाय."

"मोझेस टोगबा. चौथ्या वर्षाला आहे. त्याला शेवटची दहा मिनिटं पाठवतात, सामना हातचा गेला की. पण चार वर्षांत त्याची पाठ मी कधी घासलेली नाही."

"चार वर्षांत त्याला कुणी पाडलं नाही?"

"मी कपडे धुते, कोच. मला काय कळतंय?"

पापेनफुसनं कॉफी संपवली, पेला माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आर्लीन, या कॉलेजात आजवर मला भेटलेल्यांपैकी फुटबॉल तुम्हालाच कळतंय."

सोमवारी त्यानं संघाला गोळा केलं. आधीच्या कोचनं एकशे चाळीस चालींची जाडजूड वही करून ठेवली होती; पोरं ती परीक्षेसारखी घोकायची आणि मैदानात विसरायची. पापेनफुसनं ती वही माझ्याकडे दिली आणि फळ्यावर अकरा चाली काढल्या. अकराच. त्यातल्या आठ पळायच्या, तीन फेकायच्या.

"एवढ्याच?" कोल्टरनं विचारलं.

"एवढ्या नीट जमल्या की बारावी देतो."

"कोच, समोरच्यांना आपल्या चाली दोन आठवड्यांत पाठ होतील."

"होऊ देत. पाठ असल्या म्हणून अडवता येतात असं कुठे आहे?" मग तो मागे वळला. "टोगबा! उद्यापासून तू सुरुवातीपासून खेळणार, पुढच्या फळीत. आणि आणखी एक. आजपासून जेवायच्या रांगेत आधी पुढची फळी. बाकीचे नंतर."

पुढच्या फळीतल्या पाच जणांचं काम म्हणजे धडका देणं आणि धडका खाणं. चेंडूला त्यांचा हातही लागत नाही, वर्तमानपत्रात नावही येत नाही. आणि जेवायला आजवर कोल्टर आणि त्याचे चेंडू झेलणारे दोस्त पहिले असायचे. त्या दिवशी मोझेस ताट घेऊन रांगेच्या तोंडाशी अवघडून उभा राहिला. साडेसहा फुटांचा गडी, आई-वडील लायबेरियाहून आलेले, आवाज मात्र चर्चमध्ये बोलल्यासारखा मऊ. मला तो आईसारखं 'मा' म्हणायचा.

"मा आर्लीन," तो मला हळूच म्हणाला, "मागे सगळे बघतायत."

"बघू देत. तू बटाटे जास्त घे."

त्यानं घेतले. बाकीच्या चौघांनीही घेतले. कोल्टरच्या वाट्याला आले नुसते उकडलेले मटार.

दुसरा सामना आम्ही ९–७ जिंकलो. बघायला काडीचीही मजा नव्हती. मोझेस आणि ते चौघं पुढे रेटायचे, मागून पळणारा चार यार्ड जायचा. पुन्हा रेटायचे, पुन्हा चार यार्ड. माझा नवरा ड्वेन सोयाबीन कापता कापता ट्रॅक्टरवर रेडिओ ऐकत होता. घरी येऊन म्हणाला, "तो निवेदक दोनदा जांभया देताना ऐकला मी. पण जिंकलात की ग!"

मग काय झालं कोण जाणे, आम्ही हरायचंच विसरलो. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, सगळे जिंकले. गावात दुकानांच्या काचांवर क्रौंच पक्षी दिसायला लागले, ते आमच्या संघाचं चिन्ह. चर्चमधल्या बायका दर गुरुवारी पुढच्या फळीसाठी रूबार्बच्या आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेले 'पाय' पाठवू लागल्या. न्हाव्याकडे बसलेली म्हातारी मंडळी मोझेसच्या गुडघ्यांची चौकशी करू लागली. एकटा कोल्टर तेवढा दिवसेंदिवस आंबट होत चालला होता.

"एका सामन्यात सहा वेळा फेकलाय मी चेंडू, मिस आर्लीन. सहा! माझा हात गंजेल."

"पण जिंकतोयस ना?"

"मी कुठे जिंकतोय? ते जिंकतायत."

सातव्या सामन्यात त्याचा बांध फुटला. चार मिनिटं उरली होती, आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. पापेनफुसनं सांगितलेली चाल साधी होती, रेटायचं आणि पळायचं. कोल्टरनं चेंडू घेतला आणि सरळ लांब फेकून दिला. तो गेला समोरच्या संघातल्या एका चपळ पोराच्या हातात, आणि तो पोरगा जो सुटला तो थेट आमच्या टोकाला जाऊन थांबला. हरलो.

परतीच्या बसमध्ये सगळे वाट बघत होते, आता पापेनफुस फाडून खाणार म्हणून. तो पहिल्या बाकावर बसून रूबार्बचा 'पाय' खात होता. शेवटी कोल्टरच उठून पुढे आला.

"कोच, बोला ना काहीतरी."

"काय बोलू? फेक छान होती."

"मग?"

"माणूस चुकला." त्यानं बोटं पुसली. "सोमवारी लवकर ये. मोझेसच्या शेजारी उभा राहा."

सोमवारी क्वार्टरबॅकची लाल जर्सी, जी घातलेल्याला सरावात कुणी धडक मारत नाही, ती पापेनफुसनं कोल्टरच्या अंगातून उतरवली आणि त्याला पुढच्या फळीत उभं केलं. मी मोजे वाळत घालायचं सोडून कुंपणापाशी गेले. शिटी वाजली आणि कोल्टर उताणा. पुन्हा शिटी, पुन्हा उताणा. दर वेळी मोझेस वाकून त्याला हात द्यायचा आणि काहीतरी सांगायचा. "कंबर खाली ठेव." "पावलं छोटी टाक." "डोळे मिटू नकोस रे, त्यानं काही कमी लागत नाही." तासाभरानं एकदा, फक्त एकदाच, कोल्टर समोरच्याला दोन पावलं मागे रेटून तोंडावर आपटला. चौघांनी अशी बोंब मारली की जसा काही सामनाच जिंकलाय.

तो लंगडत माझ्या खोलीत आला आणि कपड्यांच्या ढिगावर बसला.

"लागलं का रे?"

"कुठे नाही लागलं ते विचारा." त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाला, "मोझेस हे रोज करतो? आणि मी त्याच्यामागे आरामात उभा असतो?"

"रोज."

"मला कधी काही बोलला नाही तो."

"तू कधी विचारलंस?"

तो उठला. संध्याकाळी जेवायला मी बघितलं, पुढची फळी बसते त्या टेबलावर सहावी खुर्ची ओढून कोल्टर बसला होता, आणि ते पाच जण त्याला बटाटे वाढत होते.

आठवा आणि नववा सामना आम्ही सहज मारला. दहावा डेलव्ह्यूशी. त्यांच्याकडून आम्ही सतरा वर्षं हरत आलो होतो, आणि या वेळी जो जिंकेल तो गटात पहिला. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, दुपारी एक वाजता बर्फ भुरभुरत होता. मैदानाला बसायला जागाच कमी, लोक पिकअप गाड्या कुंपणाला लावून टपांवर उभे राहिले. ड्वेनसुद्धा आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"मका राहिलाय अजून," तो म्हणाला.

"मग आलास कशाला?"

"त्या निवेदकाचा आता विश्वास वाटत नाही मला."

सामना चुरशीचा झाला. शेवटी नऊ सेकंद उरली, आम्ही १६–२० मागे, आणि चेंडू त्यांच्या रेषेपासून एका यार्डावर. एकच प्रयत्न शिल्लक. लाथेनं मिळणाऱ्या तीन गुणांनी भागणार नव्हतं, चेंडू रेषेपार नेऊन सहा गुण मिळवायलाच हवे होते. पापेनफुसनं खेळ थांबवायला सांगितलं. पोरं कडेला आली, तोंडांतून वाफा निघत होत्या. मी कोरडे टॉवेल घेऊन शेजारीच होते, म्हणून प्रत्येक शब्द ऐकला.

"कोल्टर," पापेनफुस म्हणाला, "ते सगळे मध्यभागी दाटणार. आपण रेटणार हे त्यांना ठाऊक आहे. कोपऱ्यात फेक. तुझा हात आहे तसा. आज तुझ्यावर सोडतो."

सगळा हंगाम पोरगा हे वाक्य ऐकायला तडफडत होता. कोल्टरनं मोझेसकडे बघितलं.

"मोझेस, समोरचा जड आहे का?"

"आहे जड," मोझेस शांतपणे म्हणाला. "पण दमलाय."

"कोच, बर्फानं चेंडू निसरडा झालाय," कोल्टर म्हणाला. "मी चेंडू पोटाशी धरून मोझेसच्या मागून घुसतो."

"ते वाट बघतायत त्याचीच."

"बघू देत की. पाठ असलं म्हणून अडवता येतं असं कुठे आहे?"

पापेनफुस एकदम हसला. "जा मग. कंबर खाली ठेव."

शिटी झाली. मला दिसलं ते एवढंच, की मोझेस पुढे झुकला आणि समोरची भिंत आधी थांबली, मग किंचित हलली. त्याच्या पाठीला खांदा लावून कोल्टर ढकलत होता, कोल्टरला मागचे ढकलत होते, आणि मग सगळाच ढीग कोसळला. वीस-बावीस जणांचा ढीग! पंच एकेकाला ओढून बाजूला काढायला लागले. कुणाचा पाय, कुणाचं हेल्मेट. अख्खं गाव टाचा उंचावून उभं. तळाशी मोझेस पालथा, आणि त्याच्या अंगावर कोल्टर, हात लांब केलेले, चेंडू रेषेच्या पलीकडे वीतभर.

पंचानं दोन्ही हात वर केले. २२–२०.

ड्वेननं मला उचललं. छप्पन्न वर्षांच्या बाईला, सगळ्यांसमोर! "खाली ठेव, पाठ धरेल तुझी," मी ओरडत होते, पण ऐकतो कोण. कोल्टरला कुणीतरी खांद्यावर घ्यायला धावलं, तर तो म्हणाला, "मला नको, याला घ्या," आणि मोझेसला उचलायला सात जण लागले. तरी दोन पावलांवर सगळे बर्फात आडवे. त्या दिवशी पहिल्यांदा मोझेसची पाठ मळली, आणि ती त्याच्याच पोरांनी मळवली.

गटात पहिले आलो म्हणून पुढच्या फेरीत राज्याबाहेरच्या एका बड्या संघाशी गाठ पडली, तिथे आम्ही ४५–१० मार खाल्ला. बसमधून परत येताना पोरं गाणी म्हणत होती. मोझेस मे महिन्यात पदवीधर झाला. त्याची आई भरजरी पोशाखात आली होती, आणि कोल्टरनं तिला सगळ्या कॉलेजभर फिरवून आणलं, "यांच्या मुलानं माझा जीव वाचवला," असं दिसेल त्याला सांगत. पापेनफुसची बायको एप्रिलमध्येच नेब्रास्कातलं घर विकून इकडे आली. बाई कामाला चोख आहे. आल्या आल्या तिनं माझ्या एक नंबरच्या मशीनची गळती दुरुस्त केली.

आणि या ऑगस्टमध्ये नावनोंदणीच्या दिवशी माझ्या दारापुढे रांग लागली ती थेट वाचनालयापर्यंत. दर वर्षी पन्नासेक पोरं येतात. या वेळी मी मोजली, शंभराला चार कमी. माझ्याकडे हेल्मेटं एकाहत्तर. पहिल्याच नंबरला एक भला दांडगा पोरगा उभा होता, मान खाली घालून. त्याला कुठल्या जागेवर खेळायचंय म्हणून विचारलं.

"पुढच्या फळीत, मॅडम," तो म्हणाला.

"थांब जरा," मी म्हटलं आणि आणखी हेल्मेटं मागायला वर कॉलेजच्या अध्यक्षांच्या कार्यालयाकडे निघाले.