आवाज न करणारा कॅमेरा

"यात हसू ओळखायची सोय आहे, काकू," दुकानातली मुलगी म्हणाली. "समोरचा माणूस हसला की फोटो आपोआप निघतो. बटणसुद्धा दाबायला नको."

"हसू मला ओळखता येतं गं. सव्वीस वर्षं झाली लग्नाला." 'काकू' जरा झोंबलं होतं, पण आज त्यावर बोलायला सवड नव्हती. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान नवऱ्यावर सोडून ती 'दोरे घेऊन येते' म्हणून निघाली होती आणि दोरे अजून घ्यायचेच होते. "मला एवढंच सांग, याचा आवाज होतो का?"

मुलीनं तिची पोपटपंची मध्येच थांबवली. झूम सांगून झालं होतं, हात हलला तरी फोटो न हलण्याचं सांगून झालं होतं, पाण्यात पडला तरी चालतो हेही झालं होतं. आवाजाचं कुणी विचारत नसावं.

"क्लिकचा? तो बंद करता येतो."

"आणि तो लाल दिवा लागतो पुढे?"

"तोही."

"आणि स्क्रीन असा वर फिरतो? म्हणजे कॅमेरा खाली ठेवून वरून बघता येईल?"

मुलीचे डोळे बारीक झाले. "काकू, कुणावर पाळत ठेवायची आहे का?"

"नवऱ्यावर."

"अगं बाई!"

"तसलं काही नाही गं. तू आपलं सगळं लावून दे बघू."

खरं काय ते सांगायला लागली असती तर तिथंच रडू फुटलं असतं. नवऱ्याच्या डाव्या कानाखाली गाठ होती आणि सोमवारी ऑपरेशन. गालाची नस त्या गाठीतूनच जाते, असं डॉक्टर म्हणाले होते. जपू आम्ही, पण तोंडाची डावी बाजू ओघळू शकते. काहींची सहा महिन्यांत वर येते, काहींची नाही. आज शुक्रवार होता. आणि घरातल्या तीन अल्बमांत त्याचा हसतानाचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा असो की मोबाईल, समोर आला की हा ओठ मिटून, हनुवटी वर करून उभा. लग्नाच्या फोटोतही ओळखपरेडला आणल्यासारखा. एरवी मात्र मान मागे टाकून हसायचा. डावा गाल आधी वर जायचा, उजवा मागाहून पोचायचा आणि पुढच्या दोन दातांतली फट दिसायची.

मुलीनं सगळं लावून दिलं. "हसण्याचंही चालूच ठेवते हं, बिघडत काही नाही," म्हणाली. हिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

दुकानात नवरा शिंपीणबाईंच्या मशीनवर वाकला होता. बाई पाचला येणार होत्या. त्याची पद्धत ठरलेली. आधी डोळे मिटून मशीनला कान लावायचा, चाक फिरवायचं, दुखणं काय ते सांगायचं, आणि मगच पाना हातात घ्यायचा. "आतल्या चक्रीचा दात घासलाय एक, बाकी ठणठणीत," आज तो म्हणाला. चक्री बदलून त्यानं झाकणही लावलं.

ती समोरच्या बाकावर दोऱ्यांची पेटी मांडीवर घेऊन बसली. रिळांच्या मधून भिंग बाहेर, स्क्रीन वर. सगळं झकास जमलं होतं. तिनं झूम दाबलं.

घुंई.

त्याचा हात थांबला. "ऐकलंस?"

"काय?"

"मशीनमधून आलं."

"अहो, मशीन बंद आहे तुमचं."

"तेच तर म्हणतोय!"

क्लिक मुका होता, पण भिंग पुढेमागे होताना आत मोटर फिरते हे कुणी बोललंच नव्हतं. तिनं हात काढून घेतला. पण कॅमेऱ्याला दोन मिनिटांत आपोआप झोपायचीही सोय होती. तो झोपला, घुंई. तिनं उठवला, घुंई. त्यानं झाकण पुन्हा काढलं. मग चाक काढलं, मग पट्टा. तिनं धाकट्या जावेनं मिठाऐवजी साखर घातल्याचा किस्सा सांगितला, नक्कल करून. ज्यावर तो हमखास हसायचा त्यावर नुसता "हं" म्हणाला.

साडेचारला शिंपीणबाईंचं धडधाकट मशीन वर्तमानपत्रावर सुटं पडलं होतं. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला. मग त्यानं डाव्या कानावर तळवा धरला, काढला, पुन्हा धरला.

"अगं," तो हळूच म्हणाला, "माझा कान तर नाही ना गेला? गाठीनं?"

हे मात्र तिला सोसवेना. तिनं रिळं बाजूला सारून कॅमेरा बाहेर काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"कॅमेरा."

"दोऱ्यांत?"

"तुमचा हसतानाचा फोटो हवा होता मला. सोमवारच्या आधी..."

त्यानं कॅमेरा स्वतःकडे तोंड करून टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. भिंग बाहेर. आत. पुन्हा बाहेर. त्यानं डोळे मिटले.

"मोटर. इवलीशी. काम छान केलंय," तो म्हणाला. मग डोळे उघडले. "म्हणजे मी ऐकलं ते खरं होतं?"

"अगदी खरं."

"आणि त्या बिचारीचं चांगलं मशीन मी उगाच सोलून ठेवलं?"

आणि तो हसला. मान मागे टाकून, पोटातून, डावा गाल आधी. ती बघतच राहिली. कॅमेऱ्याची आठवण झाली तेव्हा तो डोळे पुसत होता.

"गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं? पाचला बाई येतील, ते बघ आधी. ऊठ, पट्टा धर."

उठता उठता ती कॅमेरा बंद करायला गेली आणि कोपऱ्यात आकडा दिसला, तीन. तिनं तर एकही काढला नव्हता. पहिला नुसता हलला होता. दुसऱ्यात छत होतं आणि त्याचा गळा. तिसरा तिरका, मशीनच्या सुट्या चाकानं अर्धी हनुवटी झाकलेली, पण गाल होता. दातांतली फट होती.

तिनं पुन्हा पाहिलं. हसू तिथेच होतं. पुन्हा पाहिलं.

"अगं, येतेस का?"

"आले, आले."

तिनं कॅमेरा पदराआड घेऊन अगदी हळू बंद केला. घुंई.

"ऐकलं हं," पाठमोराच तो म्हणाला.