दोन चौक्यांच्या हद्दीतलं घर

हात उचलणाऱ्या नवऱ्याने घर सोडायचं आणि बायकोने तिथे राहायचं, असा कोर्टाचा आदेश कधीच निघाला होता. पण पोलिसांनी तो नवऱ्याच्या हातात ठेवल्याशिवाय त्याचा काही उपयोग नव्हता, आणि नेमकं तिथेच घोडं अडलं होतं. तोवर वहिनी नणंदेच्या खोलीत, भाजीच्या पाट्यांना खेटून झोपत होती. नणंद वयाने मोठी असूनही तिला वहिनीच म्हणायची, म्हणून आपणही तेच म्हणू.

नणंद म्हणजे नवऱ्याची सख्खी थोरली बहीण. बाजारात भाजी विकायची आणि बोलण्यात कुणाला हार जायची नाही. भावाने वहिनीचा हात पिरगाळलेला तिने पाहिला, त्याच दिवशी वहिनीला आपल्याकडे घेऊन आली.

घराची गंमत अशी, की पुढचं दार पूर्वेच्या चौकीच्या हद्दीत आणि स्वयंपाकघर पश्चिमेच्या. पूर्वेचे विचारायचे, "मारलं कुठे?" स्वयंपाकघरात म्हटलं की पश्चिमेला पिटाळायचे. पश्चिमेचे विचारायचे, "दार कुठल्या बाजूला?" की परत पूर्वेला. हेलपाटे घालून वहिनीच्या चपला झिजल्या. मार खाताना आपण चार पावलं पुढे सरकायला हवं होतं, असंही तिला कधीकधी वाटायचं.

त्या सकाळी पूर्वेच्या हवालदाराने पुन्हा तोच पाढा वाचला आणि नणंदेचं डोकं फिरलं.

"राहू द्या. दुपारी पश्चिमेचे साहेब येतायत. पुढच्या दाराने."

ही शुद्ध थाप होती. हवालदार मात्र खुर्चीतून उठलाच.

"पुढच्या दाराने? ते दार आमचं आहे."

"असेल. काम ते करतायत."

हवालदार तडक साहेबांच्या खोलीत गेला. नणंदेने वहिनीकडे पाहिलं, तिचा हात धरला आणि थेट पश्चिमेची चौकी गाठली. तिथे तिने पूर्वेचे साहेब स्वयंपाकघराची पाहणी करणार असल्याचं सांगून टाकलं.

"कुणाला विचारून?" तिथले साहेब तापले.

दुपारी दोन्ही जीपगाड्या दारात. नवरा बनियनवर बाहेर आला. आदेश कोणी बजावायचा यावरून दोन्ही साहेबांत जुंपली, आणि शेवटी दोघांनी कागदाची एकेक बाजू धरून तो त्याच्या हातात दिला. मग एकाने त्याची ट्रंक बाहेर काढायला लावली, तर दुसऱ्याने मागे पडायला नको म्हणून त्याची गादीसुद्धा.

"ताई, तू तरी सांग ना यांना," नवरा म्हणाला.

"सांगते की. आधी चावी दे."

त्याने चावी दिली. वहिनीला हसू आवरेना. किती महिन्यांनी ती अशी पोट धरून हसत होती. जाताना दोन्ही साहेबांनी तिला बजावलं, पुन्हा आला तर आम्हालाच फोन करायचा, त्यांना नाही. तिने दोघांनाही हो म्हटलं.

गल्ली शांत झाली. नणंदेने पदर खोचला. "चल, निघते. माझी भाजी सुकतेय."

वहिनी उंबरठ्यावर उभी राहिली. या घरात कुणाला बोलवायचं तर तिला आजवर नवऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागायचं.

"ताई, आत या ना," ती म्हणाली. "बसा जरा."